चेहरा तोच राहू द्या: पोर्ट्रेटमधले दोष काढताना काय करायचं, काय नाही

आत्याच्या पंचाहत्तरीला मी तिचा एक फोटो मोठा करून फ्रेममध्ये घालून दिला होता. दोन रात्री बसून चेहऱ्यावरचा एकेक डाग काढला होता. आत्याने चष्मा लावला, फ्रेम खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "काय वं, माहा तीळ कुठी गेला? हे मी नाही होय बा." ओठाच्या वरचा तो तीळ मी लहानपणापासून पाहत आले होते. तरी स्क्रीनवर तीनशे टक्के मोठा दिसल्यावर मला तो डाग वाटला आणि मी तो पुसला. कपाळावरचं गोंदणही अर्धं फिकट झालं होतं. ती फ्रेम मी परत घेतली आणि सगळं काम पहिल्यापासून केलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. नागपुरातल्या महाल आणि इतवारीतल्या दोन-तीन फोटोग्राफरांचं टच-अपचं काम मी घरून करते. बहुतेक लग्नाचे, बारशाचे, बायोडाटाचे फोटो असतात आणि तेरवीच्या तसबिरीही असतात. शिकायला येणारी मुलं पहिल्या महिन्यात त्याच चुका करतात, ज्या मी केल्या. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी गिम्प हे फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर वापरते, कारण ते फुकट आहे आणि कायदेशीरपणे फुकट आहे. १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. फोटोशॉप असेल तर तेही उत्तम. जिथे फरक आहे तिथे दोन्हींचं सांगते. पेन ड्राइव्हवर कुणी दिलेलं 'क्रॅक' फोटोशॉप मात्र टाकू नका. त्यासोबत व्हायरस आला तर लोकांचे लग्नाचे फोटो जातात, आणि ते पुन्हा काढता येत नाहीत.

काय काय लागेल

- ८ जीबी रॅम असलेला कॉम्प्युटर. १६ असेल तर मोठ्या फाइलींना बरं. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे काम होत नाही, साधा माउस तरी घ्या. पेन टॅब्लेट पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. दोन महिने काम केल्यावरही हात दुखत असेल तर छोटा टॅब्लेट घ्या.
- मूळ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून थेट आलेली. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल आकाराने लहान केलेली आणि दाबलेली असते. त्वचेचा पोत त्यात आधीच गेलेला असतो. पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा."
- त्याच माणसाचे त्याच दिवशीचे आणखी चार-पाच फोटो. याचा उपयोग पुढे कळेल.
- एक वही.
- ज्याचा फोटो आहे त्याची परवानगी. विशेषतः 'आधी आणि नंतर' असं इंस्टाग्रामवर टाकायचं असेल तर स्पष्ट विचारून घ्या. कुणाच्याही पोरीच्या चेहऱ्यावरचे मुरुम जगाला दाखवायचा हक्क आपल्याला नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. पासपोर्ट, परीक्षेचा अर्ज, कुठलंही ओळखपत्र यांच्या फोटोला यातलं काहीही करू नका. तिथे चेहरा जसा आहे तसाच लागतो. फोटो चुकला असेल तर पुन्हा काढायला सांगा.

१. मूळ फाइलला हात लावू नका

फोल्डर उघडा, मूळ फाइलची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. गिम्पमध्ये फोटो उघडल्यावर लगेच लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, डुप्लिकेट काढा (शिफ्ट, कंट्रोल आणि डी). खालची लेयर मूळची, तिला कुलूप लावल्यासारखं समजा. वरच्या लेयरच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की आधीचं आणि आत्ताचं लगेच ताडून बघता येतं. दिवसभरात मी हे क्लिक शेकडो वेळा करते.

जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो. काम चालू असताना फाइल गिम्पच्या एक्ससीएफमध्ये किंवा फोटोशॉपच्या पीएसडीमध्येच ठेवा. नवीन लोक इथे एकदा तरी घाबरतात. गिम्पमध्ये कंट्रोल-एस केलं की फक्त एक्ससीएफ तयार होते, जेपेग होत नाही. त्यासाठी शेवटी 'एक्स्पोर्ट अॅज' करावं लागतं. फाइल हरवलेली नसते.

२. पाच मिनिटं नुसतं बघा आणि वहीत लिहा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या आत्याचा तीळ इथेच गेला. पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल एवढा करा. झूम करू नका. लांबून पाहिल्यावर नजर कुठे अडखळते ते वहीत लिहा: कपाळावर चमक, हनुवटीवर फोड, डोळ्यांखाली काळं, मागे विजेची वायर. एवढंच काम करायचं असतं. झूम केल्यावर सापडणारे आणखी दोनशे 'दोष' बघणाऱ्याला दिसतही नाहीत.

मग यादीत दोन रकाने करा. दोन आठवड्यांनी आपोआप जाणार ते एका बाजूला: मुरुम, डास चावलेला, दाढी करताना कापलेलं, घाम, नाकावर चष्म्याचा वळ, ओठाला चिकटलेला भाताचा कण. दहा वर्षांनीही राहणार ते दुसऱ्या बाजूला: तीळ, जन्मखूण, देवीचे व्रण, गोंदण, जुन्या टाक्यांची खूण, गालावरची खळी. पहिल्या रकान्यातलं काढा. दुसऱ्यातलं त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय काढू नका. 'स्वतःच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. नवरीच्या गालावरचा व्रण काढायला मामा सांगत असतील, तर नवरीला विचारा.

आपल्याकडे गोंदणाची काळजी जास्त घ्यावी लागते. विदर्भातल्या जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर ते असतं, वयाने हिरवट-निळं पडलेलं असतं आणि स्क्रीनवर ते अगदी डागासारखंच दिसतं. शंका आली तर फोन करा.

३. आधी उजेड आणि रंग, मग डाग

रंग चुकलेला असताना डाग काढायला बसलात तर अर्धं काम वाया जातं, कारण डाग वाटत होता तो खरा डाग नसून मांडवाचा रंग असतो. लाल-भगव्या कापडाच्या मांडवात दुपारी फोटो काढला की ऊन कापडातून गाळून येतं आणि सगळ्यांचे चेहरे टोमॅटोसारखे होतात. लॉनवर उभं केलं की हनुवटीखाली गवताचा हिरवा येतो. हॉलमध्ये एका बाजूने पिवळा बल्ब आणि दुसऱ्या बाजूने पांढरा एलईडी असेल तर अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या.

कलर्समध्ये लेव्हल्स उघडा. तिथे तीन ड्रॉपर आहेत. त्यातला मधला, करड्या रंगाचा ड्रॉपर घेऊन फोटोत जे खरोखर करडं किंवा पांढरं असायला हवं त्यावर क्लिक करा: धोतराची सावलीतली घडी, स्टीलचं ताट, चुन्याची भिंत. उन्हात पांढरंफटक पडलेली जागा निवडू नका, तिथे रंगाची माहितीच उरलेली नसते. पहिल्या क्लिकने जमलं नाही तर चार ठिकाणी करून बघा.

डोळ्यांवर भरवसा कमी वाटत असेल तर कलर पिकरने गालावरचे आकडे बघा. माणसाची त्वचा सावळी असो वा गोरी, लाल सगळ्यात जास्त, त्याखाली हिरवा, त्याखाली निळा, हाच क्रम असतो. निळा हिरव्याच्या वर गेला असेल तर चेहरा जांभळट झाला आहे. दोन रंगांचा उजेड असेल तर एकाच सेटिंगने दोन्ही बाजू सुधारत नाहीत. लेयरची डुप्लिकेट काढा, तिच्यावर बिघडलेली बाजू दुरुस्त करा, मग लेयर मास्क लावून फक्त तेवढाच भाग दिसू द्या. मास्कवर काळा रंग म्हणजे लपवा, पांढरा म्हणजे दाखवा. मोठा मऊ ब्रश घ्या, म्हणजे सांधा दिसणार नाही.

डोळ्यांच्या खोबणीत काळोख असेल तर त्याला आपलं नागपूरही कारण असतं. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. त्या वेळी काढलेल्या फोटोत डोळ्यांखालचं काळं पुष्कळदा जागरणाचं नसून सावली असते. ते हीलने, म्हणजे पुढच्या पायरीतल्या डाग काढायच्या साधनाने, काढू नका. डुप्लिकेट लेयरवर कर्व्ज (उजेड कमी-जास्त करायची रेघ) थोडे वर उचला, मास्क पूर्ण काळा करा आणि फक्त डोळ्यांच्या खोबणीत पांढऱ्या मऊ ब्रशने, अपारदर्शकता (ओपॅसिटी) २० टक्के ठेवून, हळूहळू उजेड आणा.

४. डाग: हील आणि क्लोन

इथे दोन साधनं आहेत आणि त्यांच्यातला फरक कळला की निम्मं काम आलं. क्लोन जसंच्या तसं उचलतो आणि चिकटवतो. हील पोत तिथून घेतो, पण रंग-उजेड ज्या जागी लावतो तिथल्या आजूबाजूशी जुळवून घेतो. फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ च्या ७.० आवृत्तीत आला. त्याआधी सगळं क्लोननेच करत. त्याही आधी फिल्मच्या काळात रिटचर निगेटिव्हवर बारीक टोक केलेल्या पेन्सिलीने डाग भरायचे. ते काम केलेले एक काका मला भेटले आहेत. एका चेहऱ्याला दोन-दोन तास लागायचे, म्हणून ते काय काढायचं हे आधी नीट ठरवायचे.

गिम्पमध्ये डुप्लिकेट लेयर निवडा, 'एच' दाबा. ब्रश फोडीपेक्षा किंचित मोठा ठेवा. कंट्रोल धरून जवळच्याच स्वच्छ त्वचेवर क्लिक करा आणि मग फोडीवर एकच क्लिक. पुसल्यासारखा ओढू नका. फोटोशॉपमध्ये नमुना घ्यायला ऑल्ट धरतात. तिथला स्पॉट हीलिंग तर नमुनाही स्वतःच शोधतो, म्हणून वेगाने होतं आणि म्हणूनच चुकतंही.

नमुना कुठून घ्यायचा हे महत्त्वाचं. गालाची त्वचा नाकावर बसत नाही, नाकावरची रंध्रं मोठी असतात. कपाळाची त्वचा गालावर लावली तर लगेच वेगळी दिसते. पुरुषांच्या गालावर दाढीचे खुंट कुठल्या दिशेने आहेत ते बघा. आणि दर दोन-तीन क्लिकनंतर नमुना बदला. एकाच जागेवरून दहा वेळा घेतलं तर तोच ठिपका गालभर रांगेत दिसायला लागतो.

हीलची मोठी अडचण काठावर येते. ओठाची कड, केसांची रेघ, नाकपुडी, कुंकवाशेजारची जागा इथे हील केलं की शेजारचा गडद रंग आत ओढला जातो आणि धुरकट डाग पडतो. काठाजवळ क्लोन घ्या ('सी'), ब्रश लहान, अपारदर्शकता ५० ते ७०. कुंकवाला लागून फोड असेल तर आधी लॅसोने (हाताने रेघ ओढून भाग निवडायचं साधन) फक्त त्वचेचा भाग निवडा, मग निवडीच्या आतच काम करा.

५. सुरकुत्या आणि डोळ्यांखालचं काळं

हे काढायचं नाही, कमी करायचं. नवीन डुप्लिकेट लेयर घ्या, तिच्यावर हीलने सुरकुती पूर्ण काढा आणि मग त्या लेयरची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणा. दोन रात्री झोपलेलं नसतानाचं काळं जातं, चेहऱ्याचं वय तिथेच राहतं. साठीच्या पुढच्या माणसाच्या कपाळावरच्या रेषांना मी हातच लावत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या रेषा काढल्या तर हसू खोटं दिसतं, मग तो माणूस वीस वर्षांचा असो.

६. घामाची चमक

एप्रिल-मे महिन्यातल्या लग्नांत हेच सगळ्यात जास्त काम असतं. पारा ४५ वर, अंगावर शेरवानी, समोर फ्लॅश. कपाळ, नाक, वरचा ओठ आरशासारखे चमकतात.

नवीन मुलं चमकेवर कर्व्ज खाली ओढतात आणि तिथे राखाडी ठिगळ तयार होतं. कारण सोपं आहे. चमक जिथे पूर्ण पांढरी झाली आहे तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, टेकलेले असतात. त्याला गडद केलं की पांढऱ्याचा राखाडी होतो, त्वचेचा रंग परत येत नाही. तो बाहेरून आणावा लागतो. क्लोन घ्या, टूलच्या पर्यायांत मोड 'डार्कन ओन्ली' करा (फोटोशॉपमध्ये नुसतं 'डार्कन'), अपारदर्शकता २० ते ३०. चमकेच्या शेजारची चांगली त्वचा नमुना म्हणून घ्या आणि चमकेवरून हलक्या हाताने फिरवा. या मोडमध्ये फक्त नमुन्यापेक्षा उजळ जागाच बदलतात, भुवया-केस यांना धक्का लागत नाही. दोन-तीन हात पुरतात.

सगळी चमक घालवू नका. नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या उंचवट्यावर थोडी राहू द्या. तीच गेली तर चेहरा पोळीसारखा सपाट दिसतो.

७. डागाळलेली त्वचा: पोत वेगळा, रंग वेगळा

गालावर एकेक फोड नसून लाल-तपकिरी चट्टे असतील तर हीलने दिवस जाईल. इथे लोक ब्लर मारतात किंवा मोबाइलचं ब्यूटी फिल्टर लावतात आणि चेहरा मेणाचा होतो, कारण रंगासोबत रंध्रंही पुसली जातात. (फोनच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड चालू आहे का तेही तपासा. तो चालू असताना काढलेल्या फोटोत तुम्हाला करण्यासारखं काही उरतच नाही.)

उपाय असा की बारीक पोत आणि मोठे रंग वेगवेगळ्या लेयरवर काढायचे. गिम्पमध्ये फिल्टर्स, एन्हान्स, वेव्हलेट डिकंपोज. पाच स्केल तसेच ठेवून ओके करा. एका गटात सहा लेयर येतील: पहिल्या स्केलवर सगळ्यात बारीक पोत, पाचव्यावर मोठे आकार आणि तळाला 'रेसिड्युअल', ज्यात मऊ रंग-उजेड. एकेका लेयरचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करून चट्टा कुठल्या लेयरवर आहे ते आधी शोधा. तो बहुधा रेसिड्युअलवर किंवा पाचव्या स्केलवर सापडतो. लॅसोने चट्टा निवडा, कड २०-३० पिक्सेलने मऊ करा आणि फक्त त्याच लेयरवर गॉशियन ब्लर द्या. वरची रंध्रं जशीच्या तशी राहतात, खालचा रंग एकसारखा होतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून आईला बोलावून दाखवलं होतं.

लॅसो ओठावर, डोळ्यावर, केसांत जाऊ देऊ नका. ओठाचा लाल गालावर उतरतो आणि बालवाडीच्या गॅदरिंगमधल्या मेकअपसारखं दिसतं. जुन्या कॉम्प्युटरवर या पायरीला वेळ लागतो, आधी सेव्ह करा. फोटोशॉपवाले हेच काम दोन डुप्लिकेट, एकीवर ब्लर, दुसरीवर अप्लाय इमेज आणि लिनियर लाइट मोड असं करतात. त्याला फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणतात.

८. "थोडं गोरं करून द्या ना"

ही पायरी नाही, पण काम करायला बसलात की आठवड्यातून दोनदा हे ऐकाल, बहुतेक वेळा बायोडाटाच्या फोटोसाठी. मी करत नाही, आणि का करत नाही ते समोरच्याला समजावून सांगते.

उजेड कमी पडला असेल तर तो वाढवणं हे आपलं कामच आहे. पांढऱ्या भिंतीसमोर सावळा माणूस उभा केला की कॅमेरा भिंतीचा उजेड मोजतो, सगळा फोटो गडद करतो आणि चेहरा आहे त्यापेक्षा काळवंडतो. कर्व्जचा मधला भाग उचलून तो माणूस समोर दिसतो तसा आणा. एवढ्यावर दहातले आठ लोक खूश होतात, कारण तक्रार मुळात तीच असते. त्यापुढे जाऊन त्वचेचा रंगच बदलला तर मान, कान, हात वेगळे दिसतात, सावल्या राखाडी पडतात आणि बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ती मुलगी खोटी ठरते, ज्यात तिची चूक काहीच नसते. एका मुलीच्या आईला मी दोन प्रिंट शेजारी ठेवून दाखवल्या, एक उजेड दुरुस्त केलेली, एक गोरी केलेली. त्यांनी पहिली उचलली.

९. दात, डोळे, चष्मा, केस

दात. आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे पुष्कळ, आणि लग्न ठरलं की "दादाचे तेवढे दात करून द्या" असा निरोप येतो. दातांचा साधा पिवळेपणा ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त पिवळा निवडून त्याचं सॅच्युरेशन कमी केलं की जातो. खर्ऱ्याचे डाग लालसर-तपकिरी असतात, त्यांना पिवळ्याने काही होत नाही, लालही कमी करावा लागतो. आणि लाल कमी केला की हिरड्या-ओठ पांढुरके पडतात. म्हणून आधी लॅसोने फक्त दात निवडा. शेवटी उजेड किंचितच वाढवा. दात डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा पांढरे दिसायला लागले की थांबून मागे या.

डोळ्यांत लाल शिरा असतील तर दोन-तीन ठळक तेवढ्या काढा. बुबुळातला उजेडाचा ठिपका कधीच काढू नका, डोळा निर्जीव होतो. फ्लॅशने लाल झालेल्या बाहुल्यांसाठी गिम्पच्या फिल्टर्स, एन्हान्समध्येच वेगळं फिल्टर आहे, बाहुली निवडून लावा, झालं.

चष्म्यावरची हिरवी-पांढरी झाक ही मला सगळ्यात अवघड वाटते. झाकेखाली डोळाच दिसत नसेल तर रंगवून काढू नका. त्या दिवसाचे इतर फोटो मागवून घ्यायला सांगितलं होतं ते यासाठी. मान थोडी खाली असलेल्या दुसऱ्या फोटोत तोच डोळा स्वच्छ मिळतो. तो उचलून नवीन लेयरवर ठेवा, आकार जुळवा, मास्कने बसवा. मिटलेल्या डोळ्यांचंही तसंच.

उडालेले केस मागची पार्श्वभूमी साधी असेल तर क्लोनने काढता येतात. दोन-चार राहू द्या.

१०. आकाराला हात लावणं

गिम्पमधलं वॉर्प ट्रान्सफॉर्म आणि फोटोशॉपमधलं लिक्विफाय यांनी शर्टाची फुगलेली कॉलर बसवा, पदराची वाकडी घडी सरळ करा. कंबर, नाक, जबडा बदलू नका. ज्याने बदललं त्याचं मागच्या दाराच्या वाकलेल्या चौकटीवरून लगेच कळतं.

११. रात्रभर ठेवा, मग बाहेर काढा

सलग दोन तास एकाच चेहऱ्याकडे पाहिलं की नजर बधिर होते. सकाळी उघडा. व्ह्यूमधून फोटो आरशासारखा उलटा करून बघा, जास्त झालेलं काम तिथे डोळ्यांत खुपतं. मग सगळ्या दुरुस्त्या एका गटात घेऊन त्या गटाची अपारदर्शकता १०० वरून ८० वर आणून बघा. बहुतेक वेळा ८० च बरोबर निघतं.

लॅबला पाठवण्याआधी:

- ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००. त्यापेक्षा फार लहान फाइल असेल तर प्रिंटचा आकार कमी करा.
- धार सगळ्यात शेवटी द्या: अनशार्प मास्क, रेडियस १ ते १.५, अमाउंट ०.४ च्या आसपास. आधी दिली तर रंध्रं वाळूसारखी उठतात.
- कलर प्रोफाइल एसआरजीबी, जेपेगची क्वालिटी ९५.
- मॉनिटरचा उजेड पूर्ण असेल तर प्रिंट गडदच येणार. तो निम्म्यावर आणा, रात्रीचा पिवळा मोड बंद करा आणि आधी एक ४ बाय ६ काढून ट्यूबलाइटखाली नव्हे तर दिवसा खिडकीत बघा.

१२. तेरवीची तसबीर

हे काम घाईत येतं आणि घरातल्या कुणालाच त्या वेळी नीट बोलता येत नसतं. बहुतेक वेळा गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटोच नसतो. कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो येतो, त्यात तिसऱ्या रांगेत नखाएवढा चेहरा.

फ्रेमवाल्यालाही दोन दिवस लागतात, म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत फोटो आणून द्यायला सांगा. मोबाइलने फोटोचा फोटो काढून पाठवला असेल तर मूळ प्रत मागा आणि ती ६०० डीपीआयवर स्कॅन करा. खरखरीत पोताच्या जुन्या कागदावर स्कॅनरचा उजेड ठिपके आणतो. अशा वेळी एकदा सरळ आणि एकदा कागद अर्धा फेरा फिरवून (डोकं खाली) स्कॅन करा, दुसरा स्कॅन सरळ करून दोन्ही लेयर एकमेकींवर जुळवा, वरची ५० टक्के ठेवा. ठिपके बरेच दबतात. ओरखडे आणि बुरशी हीलने, चेहऱ्यापासून लांबचं आधी, चेहरा शेवटी.

चेहरा पुसट असेल तर एआयने 'स्पष्ट' करून देणारी अॅप वापरायचा मोह होतो. मी एकदा वापरलं आणि त्याचा मला आजही त्रास होतो. ते अॅप हरवलेला तपशील शोधत नाही, नवा बनवतं. पापण्या, दात, डोळ्यांचा आकार सगळं सुबक आलं होतं, आणि घरच्यांनी फोटो हातात घेऊन हळूच विचारलं की हे कोण आहेत. शिवाय लोकांचे फोटो अनोळखी संकेतस्थळांवर चढवणं हे वेगळंच. तेव्हापासून पुसट चेहरा मी पुसटच ठेवते, फार तर तसबीर लहान करायला सांगते. लहान आकारात तोच चेहरा स्वच्छ दिसतो.

आणि प्रिंटला पाठवण्याआधी घरातल्या एकाला बोलवा, शेजारी खुर्ची ठेवा, बघू द्या. मागच्या वर्षी एक मुलगी अशी येऊन बसली होती. मी दोन्ही डोळे सारख्या उजेडात आणले होते. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाबांचा डावा डोळा जरासा लहानच दिसायचा जी. तसाच राहू द्या ना." मी त्या लेयरचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं.